आधी चादर उलटी करून बघा

सोलापूरच्या मुलांना सुट्टीत संग्रहालय दाखवायचं असेल, तर तयारी घरातल्या चादरीपासून करावी. जुनी, जाकार्डवर (नक्षी विणणाऱ्या यंत्रावर) विणलेली सोलापुरी चादर खिडकीपाशी पसरा आणि मुलाला तिचा एक कोपरा उलटा करायला सांगा. समोरून जिथे लाल आहे तिथे मागून पांढरं दिसतं, जिथे पांढरं तिथे लाल. नक्षी तीच, रंगांची मात्र अदलाबदल. "हे कसं झालं असेल?" एवढंच विचारायचं आणि उत्तर सांगायची घाई करायची नाही. सहा-सात वर्षांचं मूल नख लावून दोरे मोजायला लागतं. नक्षीच्या कडेला दोन रंगांची सुतं जागा बदलतात, वरचं खाली जातं, खालचं वर येतं, हे त्याचं त्याला सापडतं. भिंग असेल तर फारच उत्तम.

शहराच्या पूर्व भागात, म्हणजे विणकरांच्या वस्तीत, नात्यातलं किंवा ओळखीचं कुणी यंत्रमागावर असेल, तर पाच-दहा मिनिटं माग चालताना दाखवून आणावा. डोक्यावर टांगलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ अजून कुठे कुठे दिसते. पत्त्याला जिथे भोक तिथली सुई आत शिरते आणि तिच्याशी जोडलेला ताण्याचा, म्हणजे उभा दोरा उचलला जातो. भोक नसेल तिथला दोरा खालीच राहतो. मधल्या फटीतून बाण्याचा, म्हणजे आडव्या दोऱ्याचा धोटा जातो, फणी ठोकते, पुढचा पत्ता येतो. फ्रान्समध्ये जोसेफ जाकारने १८०४ च्या सुमारास ही युक्ती बसवली. आता बऱ्याच ठिकाणी पत्त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक जाकार्ड आलं असलं, तरी दोरा उचलायचा की नाही हा हिशोब तोच आहे. आवाज फार असतो, लहानांच्या कानात कापूस घालावा आणि चालत्या मागाच्या जवळ हात जाऊ देऊ नये.

एवढं पाहिलेलं मूल संग्रहालयात वेगळ्या नजरेने उभं राहतं. वस्तूला दोन तऱ्हेचे प्रश्न विचारता येतात. कोणाची, कधीची, कोणत्या राजवंशातली, या प्रश्नांची उत्तरं काचेखालच्या पाटीवर असतात आणि ती पाटी बहुधा बारीक इंग्रजीत, जाणकारांसाठी लिहिलेली असते. कशी केली, कशाची केली, आधी काय केलं आणि मग काय, या प्रश्नांची उत्तरं मात्र वस्तूतच असतात. नीट पाहिलं की सापडतात, आणि ती शोधण्यात आई-बाप मुलापेक्षा हुशार ठरतीलच असं नाही. मुलांना संग्रहालयाचा कंटाळा येतो तो जुन्या वस्तूंमुळे येत नाही, पहिल्या तऱ्हेच्या प्रश्नांमुळे येतो, असं माझं ठाम मत आहे.

सोलापूरकरांना याचा सगळ्यात चांगला अनुभव तेरला मिळतो. धाराशिव जिल्ह्यातलं तेर, म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या जोडीने ज्या व्यापारी नगराचं नाव येतं ते हे गाव. संत गोरा कुंभारांचंही गाव हेच. इथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या, त्यातून आजचं शासकीय वस्तुसंग्रहालय उभं राहिलं. सोलापूरहून गाडीने दीड-दोन तास लागतात. तुळजापूरच्या दर्शनाला जोडून तेर करू नये. रांगेत उभं राहून आलेल्या मुलांच्या पायात त्राण नसतं आणि मोठ्यांच्या डोक्यात परतीची वेळ घोळत असते.

तेरला सातवाहनकाळच्या पांढऱ्या मातीच्या लहान मूर्ती आहेत. त्यांच्यासमोर मुलाला एकच काम द्यावं, मूर्तीच्या कडेने जाणारी शिवण शोध. या मूर्ती दोन भागांच्या साच्यात केलेल्या असतात. पुढच्या अर्ध्यात माती दाबायची, मागच्या अर्ध्यात दाबायची, दोन्ही अर्धी ओली असतानाच जोडायची आणि मग भाजायची. आतून पोकळ ठेवली की माती सारखी वाळते, भट्टीत तडकत नाही. जोड नीट पुसला गेला नसेल तिथे कानामागून खांद्यावर उतरणारी बारीक रेघ राहते. आपल्या मोदकाच्या साच्यासारखंच हे काम आहे. गणपतीत साचा हाताळलेल्या मुलाला ते सांगावंही लागत नाही. एकाच साच्यातून अनेक मूर्ती निघतात हे कळलं, की पुढचा प्रश्न आपोआप येतो: मग या घेत कोण होतं? इथून बाजारपेठ, गिऱ्हाईक, व्यापार हे सगळं बोलता येतं आणि ते मुलाने स्वतः काढलेलं असतं.

शंखाच्या बांगड्यांचे तुकडेही असेच. शंख आडवा कापला की त्याच्या चकत्या निघतात, चकतीचा गाभा काढला की बांगडी. काचेतला तुकडा बोटांनी हवेत पुरा करून दाखवायला सांगावा, म्हणजे मनगट केवढं होतं ते कळतं. मग नकाशा उघडावा. तेरपासून समुद्र कुठे? शंख आला कसा? त्याच प्रवासाचा दुसरा धागा हस्तिदंताच्या एका छोट्या स्त्रीमूर्तीत आहे. तेरला सापडलेल्या या मूर्तीशी साम्य असलेली मूर्ती थेट इटलीतल्या पाँपेईत, इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या शहरात सापडली. पाचवी-सहावीच्या पुढच्या मुलांना ही गोष्ट घट्ट धरून ठेवते. लहानांना मात्र ती सांगू नये, त्यांचं लक्ष ज्वालामुखीकडे जातं आणि मूर्ती राहून जाते.

मण्यांच्या पेटीपाशी फार थांबू नये. मणी बारीक असतात, काच लांब असते, मुलं पटकन सुटतात.

आता शरीराचं बोलू, कारण बहुतेक सहली तिथेच फसतात. पाच-सहा वर्षांच्या मुलाची संग्रहालयातली ताकद चाळीस मिनिटांची असते, आठ ते बारा वर्षांच्या मुलाची सव्वा-दीड तासाची. यात जिने, चपला काढणं-घालणं, पाणी, लघवी सगळं आलं. एका दिवसात एकच संग्रहालय करावं. आत शिरल्याबरोबर स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारून घ्यावं, ऐन वेळी चार दालनं ओलांडून परत पळण्यात निम्मा उत्साह जातो. जेवणानंतर दोन वाजता कधीही जाऊ नये. उघडण्याच्या वेळेला दारात असावं. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहलींच्या बस सकाळी उशिरा येतात. त्या आत शिरल्या की तासभर कुठल्याच काचेपाशी जागा मिळत नाही. अशा वेळी बाहेर झाडाखाली बसून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन घ्यावी. आत खाऊ देत नाहीत ते बरंच आहे: सांडलेल्या कणांना मुंग्या आणि झुरळं येतात, त्यांच्यामागे कापड-कागद खाणारे किडे येतात.

उन्हातून आत आलं की दालन काळंकुट्ट वाटतं. "लाईट का नाही लावत हे लोक?" असं मूल विचारतंच. डोळे सरावायला पाच-सात मिनिटं लागतात, तेवढा वेळ दारापाशीच बसावं आणि तेव्हाच कारण सांगावं. कापड, कागद आणि रंग यांच्यावर पडलेला उजेड जमा होत जातो, एकदा उडालेला रंग परत येत नाही. म्हणून अशा वस्तूंपाशी साधारण ५० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) इतकाच उजेड ठेवण्याची पद्धत आहे, घरातल्या अभ्यासाच्या टेबलावर याच्या कितीतरी पट असतो. गच्चीवर वर्षभर वाळत घातलेल्या चादरीची उन्हाकडची बाजू आणि घडीतली बाजू शेजारी ठेवून दाखवली, तर फ्लॅश बंद ठेवायला मुलाला पुन्हा सांगावं लागत नाही.

काचा मोठ्यांच्या उंचीच्या असतात. पाच वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून जेमतेम मीटरभर वर असतात, त्याला वरचे दिवे काचेत चमकताना दिसतात आणि वस्तू दिसतच नाही. म्हणून आधी मोठ्यांनी गुडघे टेकून त्याच्या उंचीवरून बघावं. चमक आड येत असेल तर एक पाऊल बाजूला सरकावं, किंवा मागे गडद ओढणी धरावी. उचलून घ्यायचं असेल तर काचेला पाय लागणार नाहीत असं, थोडं लांबून.

पिशव्या दारात ठेवून घेतात, तेव्हा आत न्यायच्या वस्तू वेगळ्या काढून ठेवाव्यात: मागे जाड पुठ्ठा असलेली छोटी वही आणि प्रत्येकाला एक २बी पेन्सिल. पेन नको, शाई चुकून कुठे लागली तर निघत नाही. खोडरबरही नको. त्याचा चुरा पडतो, आणि मुलं चित्र काढण्यापेक्षा खोडण्यातच वेळ घालवतात. एका भेटीत प्रत्येकाने एकच वस्तू काढायची, दहा मिनिटं. काढण्याआधी मोजायचं: मूठ किती, भोकं किती, जोड किती, कुठे झिजलंय, कुठे डाग देऊन सांधलंय. झिजलेली जागा फार बोलकी असते. तिथे हात लागत होता. चित्र चांगलं आलं की वाईट, याविषयी कुणीही एक शब्द बोलू नये.

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय या तऱ्हेच्या बघण्यासाठीच जणू जमवलेलं आहे. दिनकर गंगाधर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू गोळा करायला सुरुवात केली, अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहाला दिलं आणि पुढे तो सगळा शासनाला देऊन टाकला. अडकित्ते, दिवे, कुलपं, दौती, पाय घासायच्या वजऱ्या, स्वयंपाकघरातली भांडी. राजेरजवाड्यांच्या नव्हे, घराघरातल्या वस्तू. इथे आजीला बरोबर न्यावं आणि पुढे होऊ द्यावं. अडकित्त्यात सुपारी कशी धरायची, किती जोर लावायचा, बोट कुठे ठेवायचं नाही, हे तिच्या हातात आहे. आजी बोलत असताना मधे पाटी वाचून दाखवू नये. तिच्यासाठी एक पथ्य: जिने बरेच आहेत आणि दालनं दाटीची आहेत, म्हणून दिवे आणि अडकित्ते आधी गाठावेत, गुडघे बोलायच्या आत. प्रदर्शनात मांडलेल्या वस्तूच अडीच हजारांच्या आसपास आहेत. सगळ्या बघण्याचा हट्ट धरला तर एकही लक्षात राहत नाही.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांची सुट्टी हैदराबादला जाते, नातेवाईक तिथे आणि आजीची भाषाही तिथली. त्या घरांतली मुलं तेलुगू बोलतात पण अनेकांना वाचता येत नाही. पाटीवरचं तेलुगू हैदराबादच्या मामेभावाने वाचायचं आणि वस्तू सोलापूरच्याने समजावायची, अशी वाटणी करून द्यावी. सालारजंग संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. सुट्टीचे दिवस ठरवताना हे आधी बघायचं, कारण गुरुवारी रात्री गाडीत बसून शुक्रवारी सकाळी पोचणारी कुटुंबं बरीच असतात.

तिथल्या वाद्यघड्याळापाशी दर तासाला गर्दी जमते. दाढीवाली छोटी आकृती बाहेर येते आणि जितके वाजले तितके टोले देते. म्हणजे बारा वाजता बारा टोले आणि एक वाजता एकच. धावतपळत एकच्या आधी पोचलेली मुलं तो एक टोला ऐकून हिरमुसतात. अकरा किंवा बारा साधावेत, पंधरा मिनिटं आधी जाऊन समोर जमिनीवर बसावं, मागे उभं राहिलं तर मुलांना फक्त पाठी दिसतात. वाट बघतानाचा वेळही वाया जात नाही: त्या घड्याळात एक लोहार सेकंदाच्या ठोक्याला हातोडा मारत असतो. साठ ठोके मोजायला सांगावेत आणि आपल्या मनगटावर मिनिट लावावं.

मग बुरख्यातली रिबेका, बायबलमधली. इटालियन शिल्पकार बेन्झोनीची संगमरवरी मूर्ती, चेहऱ्यावर पातळ ओढणी, तीही संगमरवराचीच. मुलं हटकून विचारतात, ओढणी नंतर घातली का? एकाच दगडातून आधी ओढणी आणि मग तिच्यामागचं नाक कसं निघालं, यावर त्यांना भांडू द्यावं. सुताच्या गावातल्या मुलांना एक जास्तीचा प्रश्न विचारता येतो: या ओढणीच्या घड्या सुती कापडाच्या वाटतात की रेशमाच्या? एका ओंडक्यातून कोरलेल्या दोन तोंडांच्या लाकडी पुतळ्यापाशी, एका बाजूने मेफिस्टोफिलीस आणि दुसऱ्या बाजूने मार्गारेटा (फाउस्टच्या गोष्टीतला सैतान आणि नायिका), मागे आरसा आहे. मूल आरशात बघण्याआधी मागे काय असेल ते वहीत काढून घ्यावं. एवढ्या तीन वस्तू झाल्या की बाहेर पडावं. बाकीची दालनं मोठी आहेत आणि ओढतात, पण तिसऱ्या वस्तूनंतरचा प्रत्येक जिना दुसऱ्या दिवशीच्या उत्साहातून कापला जातो.

विजयपूर, म्हणजे विजापूर, त्या मानाने सोपं. होटगीवरून रेल्वे आहे, रस्त्याने शंभरेक किलोमीटर. गोलघुमट सकाळी लवकर उघडतो आणि संग्रहालय नंतर, म्हणून आधी घुमटाचे जिने चढून यावेत, ऊन चढायच्या आत. कुजबुज ऐकू येणाऱ्या सज्जात उशिरा गेलं तर नुसता आरडाओरडा ऐकू येतो, कुजबुज ऐकायची तर पहिल्या अर्ध्या तासातच. खाली उतरून समोरच्या नगारखान्यातलं संग्रहालय करावं. तेही शुक्रवारी बंद. तिथल्या गालिचापाशी चादरीचा धडा पुढे नेता येतो. चादरीत नक्षी ताण्या-बाण्याच्या वरखाली होण्यातून येते, गालिचात ताण्याच्या दोऱ्यांना लोकरीची एकेक गाठ मारून, टोक कापून. सोलापुरात कन्नड वाचणारे आजोबा घरोघर आहेत, इथे पाट्या त्यांच्याकडे सोपवाव्यात.

अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जाणारे संस्थानचं शस्त्रागार टाळून परत येतात, याचं वाईट वाटतं. चिलखतापाशी थांबावं. कडीत कडी अडकवलेलं असतं, सहसा एका कडीतून चार. घरी किल्ल्यांच्या जुन्या कड्या घेऊन पाच जोडून बघितल्या की हाताला कळतं: वाकतं सगळीकडे, फाटत कुठेच नाही. शस्त्रांपाशी एखादं मूल हळूच विचारतं, याने माणसं मेली का? हो म्हणावं. विषय बदलू नये.

कसं केलं हा प्रश्न सगळीकडे चालत नाही, हेही मान्य करायला हवं. आपल्याच शहरात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे, ते जन्मले त्या घरात. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी ते एक. तिथल्या जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले, तिथेच लग्न झालं, आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेले. छायाचित्रांकडे बघून यातलं काहीही कळत नाही. इथे गोष्ट आदल्या रात्री घरी सांगितलेली असली पाहिजे, म्हणजे घरात शिरल्यावर मूल ओळखीच्या माणसाला भेटायला आल्यासारखं वागतं. स्वातंत्र्यलढ्यातल्या चार हुतात्म्यांचंही तसंच. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. पुतळ्यांपाशी फोटो काढण्याआधी चारही नावं मुलाला पाठ हवीत. १९३० च्या मे महिन्यात या शहरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल होता हे दहा वर्षांच्या मुलाला सांगावं, त्याहून लहानाला नावं पुरतात.

ज्यांना लांब जाणं जमत नाही त्यांनी भीमा-सीनेच्या संगमावरचं हत्तरसंग-कुडल करावं. भिंती नाहीत, तिकीट नाही, काच नाही. मराठीतला फार जुना, शके ९४० म्हणजे इसवी सन १०१८ चा शिलालेख तिथल्या मंदिराच्या दगडात आहे आणि त्याच्या शेवटी, वाचणारा विजयी होईल अशा आशयाची ओळ आहे. मुलांना हे आव्हान वाटतं आणि ती अक्षरांवर तुटून पडतात. अक्षरं दिसत नाहीत म्हणून खडू, पीठ, तेल, पाणी काहीही लावू देऊ नये, दगड खराब होतो आणि नंतरच्या माणसाला आपण भरलेला खडूच वाचावा लागतो. मोबाईलचा टॉर्च समोरून न धरता दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने धरावा, म्हणजे प्रत्येक खोबणीत सावली पडते आणि अक्षर उठून येतं. एकाने टॉर्च धरायचा, एकाने वाचायचं, एकाने वहीत उतरवायचं. ओळखीचं एखादं अक्षर मिळालं की तेच अक्षर पुढे कुठे कुठे येतं ते शोधत जायचं.

शेजारच्या बहुमुखी शिवलिंगावर साडेतीनशेहून अधिक छोटी मुखं कोरलेली आहेत. सगळी एकेक करून मोजायला गेलं तर कुठून सुरुवात केली तेच हरवतं. एका आडव्या ओळीत किती आणि ओळी किती, ते दोन मुलांनी वेगवेगळं मोजावं, गुणाकार करावा आणि दोघांचा आकडा जुळला नाही तर पुन्हा मोजावं. कोरणाऱ्यालाही हा हिशोब आधीच करावा लागला असणार. नदीकाठ आहे, लहानांचा हात सोडू नये. उन्हाळ्यात दहाच्या आत परतीला लागावं आणि पाणी माणशी दोन लिटर न्यावं.